ट्रॅक कारला व्हील स्पेसर लावताना या चुका टाळा

व्हील स्पेसर म्हणजे चाक थोडं बाहेर सरकवायला हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि चाक यांच्यामध्ये घातलेली चकती. ती लावलेल्या गाडीचं चाक निसटलं की सगळा राग त्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर निघतो. पण तुटलेला स्टड (हबमधून बाहेर आलेला, नट बसतो तो आट्यांचा दांडा) उजेडात धरून बघा. तुटलेल्या तोंडावर बऱ्याचदा शिंपल्यावर असतात तशा बारीक, वळणदार रेषा दिसतात आणि एका बाजूला खरखरीत, चमकणारा भाग. रेषांचा भाग आधीपासून थोडा थोडा चिरत गेलेला असतो, खरखरीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. असा स्टड एका दणक्यात तुटलेला नसतो. चाकाची आवळ आधीच कमी झालेली असते आणि प्रत्येक वळणात, प्रत्येक ब्रेकिंगला तो वाकत असतो.

स्टडचं काम चाक दाबून धरण्याचं. वळणातला आणि ब्रेकिंगचा जोर पेलतं ते एकमेकांवर दाबलेल्या पृष्ठभागांमधलं घर्षण. स्पेसर नसताना हब आणि डिस्क, डिस्क आणि चाक असे दोन सांधे असतात. स्पेसर आला की तिसरा वाढतो. हा तिसरा सांधाही पहिल्या दोघांइतकाच सपाट, स्वच्छ आणि घट्ट असायला हवा. खाली दिलेल्या बहुतेक चुका इथेच होतात.

आटे न मोजणं

सगळ्यात घातक चूक हीच, आणि ती बहुधा पातळ स्पेसरच्या बाबतीत होते. ‘फक्त ५ मि.मी. तर आहे’ म्हणत मूळ स्टडवरच स्पेसर चढवला जातो. आता हिशोब बघा. स्टड एम १२ × १.५ (व्यास १२ मि.मी., दर फेऱ्याला १.५ मि.मी.) आहे आणि मूळ स्थितीत नट त्यावर १० फेरे बसतो, म्हणजे १५ मि.मी. पकड. ५ मि.मी.चा स्पेसर घातला की उरली १० मि.मी., म्हणजे साडेसहा फेऱ्यांच्या आसपास. नटाची पकड निदान स्टडच्या व्यासाइतकी असावी, हा जुना आणि भरवशाचा नियम. एम १२ ला १२ मि.मी., म्हणजे ८ फेरे. एम १४ × १.५ ला साधारण साडेनऊ. ट्रॅकवर मी याच्या खाली कधीच जाणार नाही. मोजणं अगदी सोपं आहे: स्पेसर आणि चाक लावा, नट हाताने फिरवा, आणि तो टेकेपर्यंत किती पूर्ण फेरे बसले ते मोजा. कमी भरले तर लांब स्टड बसवा. नट दोन्ही बाजूंनी उघडा असेल तर स्टडचं टोक नटाच्या तोंडाशी किंवा बाहेर आलेलं दिसलं पाहिजे.

नवा स्टड घेताना लांबीइतकंच त्याच्या मुळाशी असलेल्या दातेरी भागाचा व्यासही जुळवा. तो भाग थोडा जरी बारीक असला तरी स्टड हबमध्ये फिरतो. स्टड प्रेसने बसवावा. नट लावून इम्पॅक्ट गनने खेचला, तर गाडी ट्रॅकवर जाण्याआधीच त्याचे आटे ताणलेले असतात.

ज्या गाड्यांना स्टडऐवजी बोल्ट असतात, तिथे उलटी चूकही होते. १५ मि.मी.च्या स्पेसरसाठी मूळच्यापेक्षा १५ मि.मी.ने लांब बोल्ट घेतले, इथपर्यंत बरोबर. मग रोजच्या वापराची चाकं स्पेसरशिवाय लावली आणि बोल्ट मात्र तेच ठेवले. आता बोल्टचं टोक हबच्या मागे निघून हँडब्रेकच्या भागांवर किंवा एबीएसच्या रिंगवर घासू शकतं. लांब आणि मूळ बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, डब्यांवर नाव लिहा. बोल्ट घट्ट करण्याआधी चाक हाताने फिरवून आतून आवाज येतो का ते ऐका.

पृष्ठभाग साफ न करणं

हबवर गंजाचा पापुद्रा, डिस्क धरून ठेवणाऱ्या स्क्रूचं वर आलेलं डोकं, स्टडवर अडकलेली पत्र्याची क्लिप, रिमच्या मागे जाड रंग: यातलं एक जरी राहिलं तरी स्पेसर तिरका बसतो. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) वेळेवर ‘टक’ करतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. मग डिस्क तापते, रंग आणि गंज दबतात, स्टडमधला ताण उतरतो. तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा. स्टडच्या मुळाशी ब्रश पोचत नाही, तिथे बारीक घासकाम लागतंच. मग स्पेसर एकटा लावून हाताने दाबा. किंचितही डुगडुगला तर पुढे जाऊ नका.

स्पेसर हबला चिकटून बसू नये म्हणून मधल्या गोल कडेवर अँटी-सीझचा (धातू एकमेकांत अडकू न देणाऱ्या पेस्टचा) पातळ हात चालेल. दाबल्या जाणाऱ्या सपाट भागावर आणि आट्यांवर नको. आट्यांना तेल लागलं की त्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. आणि दोन स्पेसर एकावर एक कधीच लावू नका. हवी ती जाडी एकाच तुकड्यात घ्या.

चाक मध्यावर बसत नाही

हबच्या मधोमध असलेली गोल कड चाक लावताना ते मध्यावर आणते. बऱ्याच गाड्यांत ही कड जेमतेम १० मि.मी. उंच असते. ५ मि.मी.चा स्पेसर तिची अर्धी उंची खातो. चाकाच्या भोकाची कड तासलेली असेल तर उरलेल्यातलंही थोडं वाया जातं. जाड स्पेसरला स्वतःची कड असते, पण ८ ते १२ मि.मी.च्या दरम्यान अडचण होते: हबची कड आरपार जाते आणि स्पेसरची स्वतःची कड फार पातळ करावी लागते. आतलं भोक तुमच्या हबला आणि बाहेरची कड तुमच्या चाकाला नेमकी बसते का, हे व्हर्नियर कॅलिपरने मोजूनच विकत घ्या.

नटाची बैठक शंकूची, गोल की सपाट, हेही चाकाशी जुळलं पाहिजे. गोल बैठकीच्या भोकात शंकूचा नट अरुंद कडेवर टेकतो आणि काही सेशनमध्ये (ट्रॅकवरच्या सलग फेऱ्यांत) ढिला होतो.

बोल्ट-ऑन स्पेसरचे लपलेले नट

२० मि.मी. किंवा त्याहून जाड स्पेसर बहुधा हबला वेगळ्या नटांनी बसतो आणि चाक स्पेसरच्या स्वतःच्या स्टडवर. हबचा मूळ स्टड २५ मि.मी. बाहेर असेल आणि स्पेसर २० चा, तर ५ मि.मी. टोक पुढे येतं. चाकाच्या मागे त्याला सामावणारा खळगा नसेल तर चाक स्पेसरऐवजी त्या टोकांवर टेकतं. दुसरं म्हणजे, आतले नट चाक काढल्याशिवाय तपासताच येत नाहीत. ट्रॅकच्या दिवशी तेवढा वेळ काढायची तयारी नसेल तर हा प्रकार टाळा आणि योग्य ऑफसेटची (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर) रिम शोधा. मोठा ब्रेक कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) स्पोकला लागतोय, हे स्पेसरचं खरंखुरं कारण. गाडी रुंद दिसावी एवढ्यासाठी मी तरी ट्रॅक कारला स्पेसर लावणार नाही. नियमपुस्तिकाही आधी वाचा, काही स्पर्धांत स्पेसरवर बंदी किंवा मर्यादा असते.

टॉर्क एकदाच तपासणं

गाडीच्या निर्मात्याने दिलेला आकडा घ्या, समोरासमोरचे नट आळीपाळीने दोन-तीन टप्प्यांत आवळा, आणि शेवटचा टप्पा टॉर्क रेंचनेच करा. पहिल्या सेशननंतर चाकं निवली की पुन्हा तपासा. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे गरम हबवर मिळालेला आकडा फसवा असतो. पहिल्या तपासणीत नट किंचित फिरला तर समजू शकतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी त्याच चाकाचा नट पुन्हा फिरला, तर नुसता आवळून पुढे जाऊ नका. चाक काढा आणि कारण शोधा.

हाताळणीतला फरक गृहीत न धरणं

ईटी म्हणजे मि.मी.मधला ऑफसेट. ईटी ४५ च्या रिमला १५ मि.मी. स्पेसर म्हणजे ईटी ३०. चाकाचा मध्य स्टीअरिंगच्या अक्षापासून १५ मि.मी. बाहेर जातो. ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर स्टीअरिंगला जास्त झटके बसतात, आणि पुढची चाकं ओढणारी गाडी जोरात ॲक्सिलरेटर दिला की एका बाजूला खेचते. १५०० मि.मी. ट्रॅकविड्थमध्ये (डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांमधल्या अंतरात) दोन्ही बाजू मिळून ३० मि.मी. वाढले, की त्या ॲक्सलवर वळणात एका बाजूकडून दुसरीकडे जाणारा भार साधारण २ टक्के कमी होतो. पण चाक लांब गेल्यामुळे स्प्रिंगही किंचित मऊ पडते. फक्त पुढे किंवा फक्त मागे स्पेसर लावले, तर गाडीचा तोल बदलला का ते मोकळ्या वळणात, वेग हळूहळू वाढवत बघा.

बेअरिंगची भीती मात्र थोडी जास्तच बाळगली जाते. वळणात बाहेरच्या चाकावर ६००० न्यूटन बाजूचा जोर आणि टायरची त्रिज्या ३० सें.मी. धरली, तर बेअरिंगवर १८०० न्यूटन मीटर येतात. १५ मि.मी. स्पेसर आणि तेवढाच उभा भार यांचा वाटा ९० चा. चिकट टायर बेअरिंगला याहून जास्त दमवतात.

काहीतरी बिघडलंय, कसं ओळखाल?

ठरावीक वेगाला थरथर होते, पण ब्रेक दाबल्यावर वाढत नाही? गाडी जॅकवर घ्या, रिमच्या कडेला डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं साधन) लावा आणि चाक किती डोलतं ते बघा. मग चाक हबच्या मानाने होतं तसंच ठेवून स्पेसर एक भोक पुढे फिरवून लावा. जास्त डोलणारी जागा त्याच्याबरोबर सरकली तर दोष स्पेसरमध्ये आहे. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर आधी डिस्क तपासा.

नटाभोवती करड्या किंवा गंजाच्या रंगाच्या रेघा बाहेरच्या दिशेने गेलेल्या दिसल्या, तर तिथे धातू धातूवर घासतोय. स्पेसरच्या तोंडावर चकचकीत ठिपके दिसले, तर तो काही जागीच टेकतोय. वळणात मध्येच घसघस येत असेल तर टायर फेंडरला लागतोय. हे घरीच कळायला हवं: स्प्रिंग काढून सस्पेन्शन पूर्ण दाबा आणि स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा.

हळू चालवताना चाकातून टकटक ऐकू आली तर पिटपर्यंत रेटू नका, सुरक्षित जागी थांबा. आणि चाक एकदा जरी ढिलं चाललं असेल, तर त्या हबचे सगळे स्टड बदला, फक्त तुटलेला नाही. स्पेसर टाकून द्या, आणि रिमची भोकं लांबट झालीत का ते नीट बघितल्याशिवाय ती रिम पुन्हा लावू नका.