अहरिमनवर लेख लिहिताय? आधी नाव लावून घ्या

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाच्या प्रुफात मला एकाच लेखात चार जण भेटले: अंग्र मइन्यू, अहरेमन, अहरिमन आणि अरिमानीझ. लेखकाला फोन लावला. "चौघं एकच हो मॅडम, पारशांचा सैतान. कुठलंही एक ठेवा आणि सगळीकडे करून टाका." मी केलं नाही. छपाईच्या खिळ्यांच्या काळापासून मुद्रितशोधन करतेय, एका लेखात एकच रूप हा माझा धर्म. पण इथे तो पाळला असता तर लेखच बुडाला असता. या बाबाच्या नावाचं रूप म्हणजे टपालाचा शिक्का. पत्र कुठून आणि कधी निघालं ते त्यावरून कळतं.

म्हणून लिहायला बसण्याआधी पेन्सिल घ्या. टिपणांत जिथे जिथे हे नाव आलंय तिथे समासात लिहा: गाथा (पारशी धर्माचा प्रवर्तक जरथुष्ट्र याची सूक्तं), वेंदिदाद (अवेस्ता या धर्मग्रंथाचा नंतरचा भाग), पहलवी (फारसीची पूर्वज भाषा), फारसी की युरोप. उरलेलं काम यातूनच सुटतं.

जरथुष्ट्राच्या गाथांत शिंगं, सैन्य असलं शोधू नका. यस्न ३० मध्ये (यस्न म्हणजे पूजेचा पाठ, गाथा त्यातच येतात) दोन 'मइन्यू' आहेत, जुळे. जुळ्यांसाठीचा मूळ शब्द आपल्या 'यम', 'यमल'च्या घरातला. एकाने भलं निवडलं, दुसऱ्याने वाईट. सगळा भर त्या निवडीवर. 'मइन्यू' आणि आपला 'मन्यू' भाऊभाऊ, तरी भाषांतरात 'क्रोध' लिहू नका, 'आत्मशक्ती'च्या आसपास राहा. 'अंग्र' म्हणजे विध्वंसक.

वेंदिदादमध्ये मात्र अंग्र मइन्यू पूर्ण नावानिशी हजर होतो, तोही खोडसाळ शेजाऱ्यासारखा. पहिल्या फर्गर्दात, म्हणजे अध्यायात, अहुर मझ्दा हा परमेश्वर एकामागून एक सोळा प्रदेश घडवतो आणि हा प्रत्येकात काहीतरी बिघडवून ठेवतो. पहिल्याच भूमीला दहा महिन्यांचा हिवाळा. 'हप्त हिंदू'ला, म्हणजे सप्तसिंधूला, अतोनात उन्हाळा. (मी हे मे महिन्यात, पंखा बंद असताना वाचलं. पटलं.) बाविसाव्या फर्गर्दात तो ९९,९९९ रोग निर्माण करतो. हा आकडा देताना पूर्णांक करून लाख लिहू नका, मजा त्या एकात आहे.

'स'चा 'ह' होतो हे इथेच वाचकाला सांगून टाका: सोम-हओम, असुर-अहुर. आणि लगेच दुसरी गोष्टही सांगा, नाहीतर मराठी वाचक हमखास फसतो. ऋग्वेदात वरुणालाही 'असुर' म्हटलंय, तिथे ती शिवी नाही. उलट अवेस्तात 'दएव' म्हणजे दुष्ट, आणि वेंदिदादमधल्या दएवांच्या यादीत इंद्राचंही नाव आहे. यावरून 'त्यांचे देव ते आमचे राक्षस' असं चटपटीत वाक्य सुचेल. सुचू द्या, लिहू नका. वरुण लगेच आडवा येतो.

पहलवी ग्रंथांत तो अहरेमन होतो, आणि इथे गोष्ट खरी रंगते. बुंदहिश्न या सृष्टिकथेच्या ग्रंथात जगाचा हिशोब बारा हजार वर्षांचा. ओहर्मझ्द (अहुर मझ्दाचंच पहलवी रूप) एकवीस शब्दांची अहुनवर प्रार्थना म्हणतो आणि अहरेमन तीन हजार वर्षं बेशुद्ध पडतो. त्याची भुतावळ त्याला उठवायला बघते, हा उठत नाही; शेवटी जेह नावाची दुष्ट स्त्री येऊन बोलते तेव्हा ताडकन उठतो. मग आकाश फोडून आत शिरतो, पाणी, झाडं, बैल, माणूस, सगळं नासवतो, अग्नीत धूर मिसळतो. धूर कुठून आला याचं याहून नेमकं उत्तर मी वाचलेलं नाही.

'अहरिमन' हे रूप फारसीतलं. फिर्दौसीचा शाहनामा १०१० च्या सुमारास पुरा झाला, त्यात तो आहे. पण झह्हाक या दुष्ट राजाच्या खांद्यांचं चुंबन घेऊन तिथे साप उगवायला लावणारा आचारी अहरिमन नव्हे, इब्लीस, म्हणजे इस्लाममधला सैतान, आहे. आमच्या लेखकाने नेमकं तेच चुकवलं होतं. मी समासात प्रश्नचिन्ह काढलं, तर उत्तर आलं, "काय फरक पडतो?" फरक हा की 'इब्लीस' हे नाव इस्लामनंतरचं. शिक्का बदलला.

युरोपचं पटकन उरका. ग्रीक लेखक प्लुटार्ककडे अरेमानिओस, बायरनच्या १८१७ च्या 'मॅनफ्रेड'मध्ये आगीच्या गोळ्यावर बसलेला अरिमानीझ, तत्त्वचिंतक रुडॉल्फ स्टायनरकडे जडवादाकडे ओढणारी शक्ती म्हणून अहरिमन, २००८ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया' गेममध्ये खलनायक. इथे नाव तेवढं इराणी, बाकी ज्याची त्याची गरज.

हा देवाच्या तोडीचा की नाही, या वादावर मात्र एक परिच्छेद खर्च करा, कारण तो मुंबई-पुण्यात झालाय. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८४३ मध्ये मुंबईत पुस्तक छापून पारशांवर दोन देव मानण्याचा ठपका ठेवला. पुढे पुण्यात संस्कृत शिकवणाऱ्या मार्टिन हाउगने १८६२ च्या निबंधांत गाथा उलगडून सांगितलं की जुळे ते दोन मइन्यू, अहुर मझ्दा त्यांच्या वर एकटाच. अनेक पारशी सुधारकांना हे मानवलं. 'पारशी सैतान मानतात' असं लिहिण्याआधी हेही लक्षात ठेवा की कुस्ती, म्हणजे कमरेचा पवित्र दोरा, बांधताना पारशी अहरेमनचा धिक्कार करतात आणि कुस्तीची टोकं झटकतात. मानणं आणि झटकणं यात अंतर आहे.

आता सजावट. पहलवी हस्तलिखितांत लेखनिक अहरेमनचं नाव बरेचदा उलटं, डोकं खाली करून लिहीत. मी तसं पान पहिल्यांदा छायाचित्रात पाहिलं तेव्हा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. उलट्या खिळ्याची खूण करायची सवय. आमच्या लेखकालाही ही कल्पना आवडली. शीर्षकात एवढा एकच शब्द उलटा लावायचा ठरलं. मी समासात लाल शाईने लिहिलं, 'मुद्दाम उलटे, असेच ठेवावे', आणि खाली दोन रेघा ओढल्या.

अंक हातात आला. शीर्षक सरळ होतं. डीटीपीवाल्या मुलाने फोनवर अभिमानाने सांगितलं, "मॅडम, तुमच्या नजरेतून एक चूक सुटली होती, मी शेवटच्या क्षणी पकडली."