वकिली करून डिप्लोमसीत जायचंय? मग आधी छागलांचं करिअर नीट बघा

लॉ करणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न, वकिलीतून डिप्लोमॅट होता येतं का. येतं की. मग लगेच कोणीतरी एम. सी. छागलांचं नाव काढतं, आणि बरोबरच आहे, मुंबईचा माणूस, 1922 ला बॅरिस्टर, जिनांच्या चेंबरमधे सुरुवात, पुढे मुंबई हायकोर्टाचे चीफ जस्टिस, 1958 ला मुंध्रा प्रकरणाची (एलआयसीच्या गुंतवणुकीतला घोटाळा) चौकशी एकट्याने केली आणि त्यात अर्थमंत्र्यांची खुर्ची गेली, त्याच वर्षी अमेरिकेत राजदूत, मग लंडनला हायकमिशनर, शिक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि 1967 ला भाषेच्या धोरणावरून राजीनामा.

पण हा रस्ता कॉपी करायला जाऊ नका. यातली बहुतेक पदं नेमणुकीने मिळालेली आहेत, त्याला फॉर्म नसतो. घ्यायची ती वकिलाची नजर.

ती कशी ते बघायचं तर दादरा-नगर हवेलीची केस काढा, तेव्हा तिथे पोर्तुगालचा दावा होता. पोर्तुगालने भारताला हेगच्या कोर्टात, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं होतं, म्हणे आमच्या ताब्यातल्या दमणहून तिथे जायला आम्हाला वाट द्या, आणि भारताने नेमलेले अ‍ॅड हॉक जज, म्हणजे फक्त त्या केसपुरते जज, होते छागला. 1960 चा निकाल वाचताना 'वाट' या एका मागणीचे कसे तुकडे पाडलेत ते बघा. साधे नागरिक, सिव्हिल अधिकारी आणि नेहमीचा माल, यांना वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलिस आणि शस्त्रं, यांना नाही. आणि वर हेही, की भारताने वाट अडवून काही बेकायदा केलेलं नाही. मला विचाराल तर डिप्लोमसीतलं निम्मं काम हेच आहे, समोरच्याच्या मोठ्या मागणीतून आपल्याला झेपेल तेवढाच तुकडा वेगळा काढणं.

आता स्वतः करून बघा. कॉन्सुलर संबंधांचा 1963 चा व्हिएन्ना करार उघडा, कलम 36, परदेशात अटक झालेल्याला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क करू द्यायचा ते, दोन पानंसुद्धा नाहीत. कुलभूषण जाधव या भारतीयाला पाकिस्तानने हेर म्हणून फाशी सुनावली, भारत हेगला गेला, त्या केसमधे पाकिस्तानचं म्हणणं होतं की हेरगिरीच्या आरोपीला हे कलम लागूच होत नाही. निकाल न वाचता आधी कलमात तो अपवाद शोधा. सापडणार नाही, आणि 2019 ला कोर्टानेही तेच धरलं, 15 विरुद्ध 1. पण जाधवांना सोडा ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही, वकिलातीला त्यांना भेटू द्या आणि शिक्षेचा फेरविचार करा एवढंच मिळालं. टीव्हीवर जिंकलो जिंकलो चालू असताना नक्की काय मिळालं आणि काय नाही, हे चार ओळीत लिहिता आलं तर समजा जमतंय.

प्रत्यक्ष वाटा म्हणाल तर मुख्य यूपीएससीच, आयएफएस म्हणजे परराष्ट्र सेवेसाठी. लॉ ऑप्शनल घेतलं तर पेपर एकमधे आंतरराष्ट्रीय कायदा येतो, म्हणजे अभ्यास वाया जात नाही, पण फक्त आवडतं म्हणून घेऊ नका, 500 मार्कांचा मामला आहे. जागा कमी असतात, त्यामुळे खरंच जायचं असेल तर प्रेफरन्समधे आयएफएस वर टाका, तिसऱ्या नंबरवर टाकून मग हळहळण्यात अर्थ नाही. दुसरं, परराष्ट्र मंत्रालयाचा लीगल अँड ट्रीटीज विभाग, करारांचे मसुदे तपासणं वगैरे, याबद्दल कॉलेजात फारसं कोणी बोलत नाही आणि वकिलाला खरं तर हेच जास्त जवळचं. कॉलेजात असाल तर जेसप मूट करा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्यावरची लुटुपुटूच्या कोर्टाची स्पर्धा, तिथे मेमोरियल (लेखी युक्तिवाद) लिहिताना जी घासाघीस होते ती कुठल्याच क्लासमधे होत नाही.

एक इंग्रजी सोडून अजून एक परकी भाषा आत्तापासून धरा, फ्रेंच धरलीत तर उत्तम, हेगच्या कोर्टाचं काम इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत चालतं. आणि हो, सरकारी नोकरी लागली की सनद (वकिलीचा परवाना) सस्पेंड करून घ्यावी लागते, पगारही घ्यायचा आणि कोर्टातही उभं राहायचं हे चालत नाही, बार कौन्सिलला वेळेत कळवा.