तुटलेला शाफ्ट विद्यापीठात नेताना

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत कारखाना चालवणाऱ्यांना यंत्राचा भाग वारंवार का तुटतो हे शोधायचे असेल, तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा धातुशास्त्र व पदार्थ अभियांत्रिकी विभाग शहरातच आहे. सयाजीरावांनी १८९० साली सुरू केलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेची ही परंपरा आपण पुरेशी वापरत नाही, याची मला खंत वाटते.

शाफ्ट, म्हणजे यंत्रातला फिरणारा दांडा, तुटताच त्याचे दोन्ही तुकडे कोरडे ठेवावेत. तुटलेला पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासू नये, त्याला बोट लावू नये आणि तुकडे एकमेकांत बसवून तर मुळीच पाहू नयेत. कारण धातू वारंवार पडणाऱ्या भाराने थकून तुटला असल्यास, तडा जिथे सुरू झाला तिथून पसरत गेलेल्या, शिंपल्यावरच्या वळ्यांसारख्या रेषा हाच मुख्य पुरावा असतो. गॅसने कापावेच लागले, तर भेगेपासून दूर कापावे, कारण उष्णतेने धातूची सूक्ष्मरचना बदलते.

सोबत त्याच लॉटमधला न तुटलेला शाफ्ट, पोलादाचा ग्रेड, हीट ट्रीटमेंटची (तापवून-थंड करून कडक करण्याच्या प्रक्रियेची) नोंद आणि यंत्रावरील भाराची माहिती न्यावी. नुसते 'टेस्टिंग करून द्या' असे न म्हणता, 'कीवेच्या (शाफ्टवर चावी बसवण्यासाठी कापलेल्या खाचेच्या) कोपऱ्यातच तडा का जातो?' असा नेमका प्रश्न लिहून द्यावा.

काम संशोधनापर्यंत गेले, तर गुप्तता, पेटंटची मालकी आणि शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची वेळ आधीच लेखी ठरवावी. पेटंटचा अर्ज निबंध छापण्यापूर्वीच गेला पाहिजे. विद्यार्थ्याला मात्र प्रबंध लिहिण्याची मोकळीक त्या करारातच द्यावी.