कामावरून काढताहेत? राजीनाम्यावर सही करू नका

लोट्याची केमिकल कंपनी असो, वेंगुर्ल्याची काजू फॅक्टरी असो की तारकर्लीचं रिसॉर्ट, माणूस काढायची रीत साधारण सारखीच. केबिनमध्ये बोलावतात, चहा मागवतात आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवतात: 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे. माझे कंपनीकडे काही येणे नाही.' वर गोड बोलणं, "सही कर, सर्टिफिकेट चांगलं देतो."

सही केलीत की कागदोपत्री तुम्हाला कुणी काढलेलंच नाही. नोटिशीचा पगार गेला, भरपाई गेली. "घरी विचारून सांगतो" म्हणा आणि उठा. सही होऊन गेली असेल, तर ती कशी करवून घेतली ते लगेच लिहून स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. सहा महिन्यांनी आठवलेला दबाव कोर्टात टिकणं कठीण.

'मी कॉन्ट्रॅक्टवर, मला कसला हक्क?' हा समजही महागात पडतो. 12 महिन्यांत 240 दिवस भरलेल्या कामगाराची कपात करायची, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. दिवस सिद्ध करायला हजेरी कार्डाचे फोटो, पासबुक, ड्युटीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज ठेवा. हुद्दा 'सुपरवायझर' असला तरी प्रत्यक्ष काम काय करता ते पाहिलं जातं.

मग गणपती. साहेबाला तोंडी सांगून माणूस गावी जातो, गौरी-विसर्जन करून परततो, तर गेटवर 'न सांगता गैरहजर'! रजेचा अर्ज लेखीच द्या, निदान मेसेज तरी करा. आरोपपत्र आलं तर रागाने चौकशीला पाठ फिरवू नका. ती एकतर्फी उरकली जाते.

पाच वर्षं झाली असतील तर काढलं तरी ग्रॅच्युइटी मिळते. ठरावीक गंभीर गैरवर्तनातच ती अडवता येते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 असेल, तर त्याला 26 ने भागून 15 ने गुणा: वर्षाला 7,500. आठ वर्षांचे 60,000. हे कुणी घरी आणून देत नाही, अर्ज करा.

आणि भीड. मालक वाडीतलाच, त्याच्यावर केस कशी घालायची, म्हणून लोक गप्प बसतात. बडतर्फीविरुद्ध दाद मागायची मुदत पूर्वी तीन वर्षं होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती दोन वर्षं आहे. कामगार कार्यालयात आधी समेटाची बैठक होते, तिथे वकिलाशिवायही जाता येतं.