जुन्या वाड्यात राउटर बसवताना: जागा, केबल आणि जोडणी

नाशिकमध्ये इंदिरानगर किंवा गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये एकच राउटर पुरतो, पण पंचवटीत किंवा जुन्या नाशकात दोन-तीन चौकांच्या वाड्यात तोच राउटर ओसरीवर लावला तर माजघरात पोहोचेपर्यंत त्याची शक्ती संपते. अशा वेळी बहुतेक लोक अधिक महागडा, अधिक अँटेनांचा राउटर विकत आणतात, आणि दोन फूट जाडीच्या माती-विटांच्या भिंतीपुढे तोही हतबल ठरतो. वाड्याला मोठा राउटर नव्हे, तर नीट ओढलेली एक केबल आणि तिच्या दुसऱ्या टोकाला एक साधा राउटर लागतो. हे काम घरच्या घरी करता येण्याजोगे आहे.

आधी घराचा नकाशा कागदावर काढावा आणि कोणत्या भिंती जाड आहेत, माडीवर जिना कोठून जातो, माणसे प्रत्यक्षात कोठे बसून काम करतात, हे त्यावर मांडावे. लहरी आडव्या दिशेने जाड भिंतीत अडतात, परंतु लाकडी तक्तपोशीतून त्यामानाने सहज वर चढतात. म्हणून माजघरातील राउटरचा उपयोग त्याच्याच डोक्यावरच्या माडीला अनेकदा शेजारच्या खोलीपेक्षा अधिक होतो. लोखंडी कपाट, पत्र्याची शेड आणि पाण्याची टाकी यांच्या आड राउटर ठेवू नये. कोनाडा मोहक दिसतो, पण तीन बाजूंनी भिंत असलेल्या खोबणीत राउटर ठेवणे म्हणजे त्याचे तोंड दाबून त्याला बोलायला सांगण्यासारखे आहे. गोदाकाठी राहणाऱ्यांनी उंचीचाही विचार करावा: पूर आला की नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली यावरून पाण्याचा अंदाज घेणाऱ्या सराफ बाजाराच्या परिसरात, जेथे २०१९ च्या ऑगस्टमध्येही पाणी शिरले होते, तळमजल्यावरील उपकरणे आणि त्यांचे प्लग शक्य तितके वर असावेत.

फायबरची तार घरात आणणारा माणूस येण्यापूर्वीच तिची जागा ठरवून ठेवावी. त्याला घाई असते आणि तो दारालगतच्या पहिल्या खिळ्यावर पांढरा डबा, म्हणजे फायबरची तार जेथे संपते आणि राउटरची केबल जेथून निघते तो डबा, टांगून निघून जातो. तार आणखी एक खोली आत नेण्यास त्याला नम्रपणे पण ठामपणे सांगावे. ही तार काचेची असल्यामुळे तिला तीक्ष्ण वळण देऊ नये, आणि तिचे हिरवे टोक उघडे असताना त्यात डोकावू नये, कारण आतील प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी तो अपाय करू शकतो.

आता घरात राउटरपर्यंत ओढायच्या तांब्याच्या केबलकडे वळू. घरगुती कामासाठी कॅट ५ई या प्रतीची केबल पुरेशी असते. ती १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेग देते. कॅट ६ घेतली तरी हरकत नाही, मात्र ती थोडी जाड आणि ताठ असल्याने जुन्या चौकटीच्या भोकांतून ओढताना त्रास देते. महात्मा गांधी रोडवरील दुकानांत स्वस्त केबल मागितली की अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल हाती पडते. तारेचे टोक चाकूने खरवडून पाहावे: आत चंदेरी रंग दिसला तर ती परत करावी. ती लवकर तुटते, आणि केबलमधूनच वीजपुरवठा घेणारे कॅमेरे जोडल्यास तापते. लांबी मोजताना दोरी घेऊन प्रत्यक्ष मार्गाने फिरावे आणि दोन्ही टोकांना एकेक मीटर जास्त ठेवावी.

मार्ग आखताना तुळईच्या कडेने जावे. तुळईला खिळे ठोकून केबल अडकवण्याऐवजी पीव्हीसीची केसिंग पट्टी वापरावी. वाड्यातील उंदरांना केबलची चव विशेष आवडते आणि पट्टीमुळे निदान त्यांची गैरसोय होते. विजेच्या तारांच्या पाइपात ही केबल मुळीच घालू नये. दोन्ही समांतर जात असतील तर त्यांच्यात वीतभर अंतर ठेवावे आणि एकमेकींना ओलांडायचे असेल तर काटकोनात ओलांडावे. वळण देताना केबल मुडपू नये. गोलाईची त्रिज्या अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. केबल चौकातून उघड्यावर नेणे भाग असल्यास काळ्या आवरणाची, बाहेर वापरण्याची केबल घ्यावी आणि भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोका द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी त्या झोक्याच्या तळाशी ठिबकून जाते, आत येत नाही. शेजारच्या स्वतंत्र इमारतीत जोडणी न्यायची असेल तर तांब्याऐवजी फायबर वापरावी. वळवाच्या पावसात वीज कडाडली की अशा तांब्याच्या केबलमधून दोन्हीकडची उपकरणे जळू शकतात.

टोके बसवणे हा या कामातील सर्वांत नाजूक भाग आहे. बाहेरचे आवरण सुमारे तीन सेंटिमीटर सोलावे, चार जोड्यांचे आठ धागे सरळ करावेत, आणि आरजे-४५ कनेक्टरची (केबलच्या टोकाला बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्लगची) क्लिप मागे, सोनेरी पट्ट्या आपल्याकडे व धागे घालायचे तोंड खाली धरून डावीकडून पुढील क्रम लावावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. नंतर धागे एका रेषेत कापून सुमारे दीड सेंटिमीटर ठेवावेत, कनेक्टरच्या थेट टोकापर्यंत सारावेत, बाहेरचे आवरणही कनेक्टरच्या आत आले आहे हे पाहावे आणि मगच क्रिम्पर (कनेक्टर घट्ट बसवण्याचा चिमटा) दाबावा. आवरण बाहेर राहिले तर ओढ थेट धाग्यांवर येते.

हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी का येते, असा प्रश्न पहिल्यांदा मलाही पडला होता. मी शहाणपणा करून चारही जोड्या शेजारी शेजारी लावल्या, दोन्हीकडे सारख्याच. केबल तपासण्याच्या टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले, जोडणी मात्र सतत तुटत राहिली आणि त्यापायी एक रविवार गेला. साधा टेस्टर तार अखंड आहे एवढेच सांगतो. एकाच संकेताचे दोन धागे एकमेकांना पीळ घातलेल्या जोडीतले आहेत की नाहीत, हे त्याला कळत नाही. पीळ हाच बाहेरचा गोंगाट रोखतो, म्हणून ठरलेल्या क्रमाशी खेळू नये.

जोडणी सोपी आहे. फायबरच्या डब्यातून निघालेली केबल राउटरच्या वॅन छिद्रात (बाहेरून इंटरनेट येण्याच्या), उरलेली उपकरणे लॅन छिद्रांत (घरातील उपकरणांच्या). आधी डबा सुरू करून त्याचे दिवे स्थिर होऊ द्यावेत, मग राउटर सुरू करावा. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावरील पत्ता ब्राउझरमध्ये उघडून व्यवस्थापनाचा पासवर्ड त्वरित बदलावा आणि वाय-फायला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ संरक्षण द्यावे. वीज गेल्यावरही काम चालू ठेवायचे असल्यास १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. तो घेण्यापूर्वी डबा व राउटर या दोन्हींच्या अडॅप्टरवरील व्होल्ट वाचावेत, कारण काही राउटर ९ व्होल्टवर चालतात.

माडीवरच्या दुसऱ्या राउटरबाबत हमखास चूक होते. त्याची केबल वॅन छिद्रात खोचली तर घरात दोन वेगळी जाळी तयार होतात, आणि खालच्या मजल्यावरचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला दिसेनासा होतो. म्हणून दुसरा राउटर आधी लॅपटॉपला एकट्याने जोडावा, त्यातील डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे, आणि त्याला पहिल्या राउटरच्याच मालिकेतील पण त्याच्या वाटपाबाहेरचा पत्ता द्यावा. पहिला राउटर १९२.१६८.१.१०० ते २०० वाटत असेल तर १९२.१६८.१.२५० चालेल. त्यानंतर खालून आलेली केबल त्याच्या लॅन छिद्रात लावावी. दोन्हींना एकच नाव व पासवर्ड दिल्यास जिना चढताना फोन बहुधा आपणहून जवळच्या राउटरकडे वळतो. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर मात्र दोन्हींच्या वाहिन्या (चॅनेल) वेगळ्या असाव्यात, उदाहरणार्थ खाली १ आणि वर ६ किंवा ११.

शेवटी वरच्या राउटरला लॅपटॉप केबलने जोडून वेग मोजावा. योजना २०० एमबीपीएसची असूनही आकडा ९४-९५ च्या आसपास अडत असेल तर पुरवठादाराला फोन करण्याआधी आपल्या केबलकडे पाहावे. राउटरची छिद्रे गिगाबिटची असतील, तर आठपैकी एखादा धागा कोठेतरी तुटला आहे किंवा कनेक्टरमध्ये नीट बसलेला नाही, आणि जोडणी चार धाग्यांवर १०० एमबीपीएसला उतरली आहे, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. दोन्ही टोके कापून नव्याने बसवावीत. जास्त ठेवलेला एकेक मीटर येथे कामी येतो.