पक्षी उद्यानात व्हीलचेअर दुसऱ्या दारात अडते : या चुका टाळा

प्रवेशद्वाराशी रॅम्प बांधला, निळी पाटी ठोकली, की उद्यान दिव्यांगांसाठी सोयीचं झालं असं धरून कंत्राटदाराचं बिल निघतं. पाहुणा खरा अडतो तो आत, मोठ्या पिंजऱ्याच्या दुहेरी दारात.

आपण ज्याच्या आत चालत फिरतो त्या पिंजऱ्याला दोन दारं असतात. पहिलं लागल्यावरच दुसरं उघडायचं, म्हणजे पक्षी निसटत नाहीत. मधली जागा मात्र उभ्या माणसाच्या मापाने बांधतात, जेमतेम सव्वा मीटर. व्हीलचेअर सुमारे १२० सेंमी लांब, ढकलणारा धरला की १८० सेंमी. मग खुर्ची आत, ढकलणारा उंबऱ्यात आणि पहिलं दार त्याच्या पाठीवर. मागे रांग खोळंबते, कर्मचारी ‘जरा पटकन घ्या’ म्हणत दुसरं दार उघडतो आणि मुनियांचा थवा बाहेर. दुसऱ्या दिवशी पाटी लागते : व्हीलचेअर आत नेऊ नये. चूक मापाची, शिक्षा पाहुण्याला.

मधली जागा किमान २.४ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद ठेवा. दार उघडल्यावर मोकळी रुंदी ९० सेंमी हवीच. दारं वरून टांगलेली, सरकती घ्या. खाली रूळ नको. उंदीर-साप येऊ नयेत म्हणून ५ सेंमीचा उंबरा घालतात, त्यावर पुढची छोटी चाकं अडकून बसलेला माणूस पुढे कलंडतो. त्याऐवजी दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी लावा, फट ६ मिमीच्या आत. नुसतं रबर उंदीर कुरतडतात. साखळ्यांचा पडदा तर नकोच; साखळ्या चाकांच्या आऱ्यांत गुंततात.

रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, आणि तो डोळ्यांनी ठरवायचा नाही. १२० सेंमीची पाणसळ उतारावर ठेवा, बुडबुडा मध्यावर येईपर्यंत खालचं टोक उचला. खालची फट १० सेंमीपेक्षा जास्त भरली तर रॅम्प पाडून पुन्हा बांधा. ४५ सेंमीच्या जोत्याला ५.४ मीटर लागतात. जागा नाही म्हणून तीन मीटरमध्ये बसवलेला रॅम्प उतरताना खुर्ची आवरत नाही. जागा कमी असेल तर वळवून घ्या, वळणावर दीड मीटरचा सपाट टप्पा ठेवा. पिंजऱ्यात फवाऱ्यांमुळे शेवाळ धरतं. गुळगुळीत टाइलऐवजी खराट्याने ओरखडलेलं काँक्रीट करा आणि ते रोज घासा.

पायवाटेवर सुटी खडी नको. नाल्यावरच्या जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या आणि १२ मिमीच्या आत हव्यात.

बसलेल्या माणसाची नजर साधारण ११० ते १२० सेंमीवर असते. कठड्याचा वरचा जाड पाइप नेमका तिथेच येतो आणि समोरचा धनेश त्याच्याआड जातो. बारीक उभे गज लावा. पाणथळीच्या निरीक्षण कुटीत एक खिडकी १०० सेंमीपासून सुरू करा. तिच्याखाली गुडघ्यांसाठी ७० सेंमी उंच मोकळी जागा ठेवा आणि बाक हलवता येईल असा ठेवा.

ब्रेल पाट्यांची फसवणूक सगळ्यात संतापजनक. फ्लेक्सवर ठिपके नुसते छापतात. बोट फिरवलं तर पाटी सपाट. घाई झालेल्या व्यवस्थापनाला ती फोटोत चांगली दिसते, म्हणून पैसे दिले जातात. ठिपके उठावाचेच हवेत, मजकूर मराठी ब्रेलमध्ये हवा आणि पाटी बसवण्याआधी तो ब्रेल जाणणाऱ्या अंध व्यक्तीकडून वाचून घ्या, योग्य मानधन देऊन. धातूची पाटी उन्हात लावू नका. एप्रिलमध्ये दुपारी तिच्यावर बोट टेकत नाही. सावलीत, कंबरेच्या जरा वर, आपल्याकडे किंचित कललेली ठेवा. पक्ष्यांचे आवाज ऐकण्याचा बाक कृत्रिम धबधब्यापाशी कधीच नको. तांबटाची टुक-टुक आणि भारद्वाजाचा घुमारा पंपाच्या आवाजात बुडतो, आणि न पाहणाऱ्या पाहुण्याचं उद्यान तिथेच संपतं. वाटेवर डोक्याच्या उंचीला आलेल्या फांद्या छाटा. पांढऱ्या काठीला त्या कळत नाहीत.

दिव्यांगांच्या स्वच्छतागृहात झाडू-बादल्या ठेवून कुलूप लावू नका. दार बाहेर उघडणारं हवं, आत खुर्ची फिरायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी.

मदतीच्या उत्साहात कर्मचारी खुर्ची हात टेकायच्या दांड्यांना धरून उचलतात. बऱ्याच खुर्च्यांचे हे दांडे निघणारे असतात, माणूस पडतो. आधी विचारा, उचलायचीच वेळ आली तर कुठे धरायचं ते बसलेल्या व्यक्तीलाच सांगू द्या.