एकच गाडी, दोन ड्रायव्हर: फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसगाड्यांच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी

दुसऱ्या टीमकडून हरलं तर गाडीवर ढकलता येतं. आपल्याच सहकाऱ्याकडून हरलं तर सांगायला काही उरत नाही, कारण गाडी तीच. म्हणून रेसिंगमधली सगळ्यात कडवी चुरस एकाच पिटमध्ये पेटते. २००७ च्या फॉर्म्युला वनमध्ये मॅक्लारेन टीमचे दोन ड्रायव्हर अलोन्सो आणि हॅमिल्टन दोघेही १०९ गुणांवर थांबले आणि फेरारीचा रायकोनेन ११० गुणांनी विश्वविजेता झाला.

मराठवाड्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या टीममध्ये ठिणगी पडते ती ‘एन्ड्युरन्सला’, म्हणजे स्पर्धेतल्या लांब पल्ल्याच्या फेरीला, ‘कोण बसणार’ यावरून. सकाळी सातला एकाला, अकराला दुसऱ्याला बसवून स्टॉपवॉच बघणं साफ चूक. एप्रिलमध्ये आपल्याकडे अकरापर्यंत डांबर पार तापतं, टायरमधला दाब चढतो, पकड बदलते. क्रम ठेवा पहिला, दुसरा, दुसरा, पहिला. ट्रॅक हळूहळू बदलला तरी तो फरक दोघांत सारखा वाटला जातो. पाळीला पाच लॅप, त्यातला पहिला मोजायचा नाही. दर पाळीआधी टायर थंड होऊ द्या, हवा एकाच गेजने बघा, पेट्रोल तेवढंच ठेवा.

गाडीतला डेटा टिपणाऱ्या लॉगरचे आलेख वेळेवर नव्हे, अंतरावर जुळवा. नाहीतर दोघांचं एकच वळण वेगवेगळ्या जागी दिसतं. वेग, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर), ब्रेक प्रेशर, स्टिअरिंग एकाखाली एक लावा. हमखास दिसणारं चित्र असं: एक जण चार मीटर उशिरा ब्रेक मारतो आणि वळणाच्या तोंडाशी पुढे असतो. पण गाडी वळवायलाच त्याला वेळ लागतो, थ्रॉटल उशिरा उघडतो आणि पुढच्या अख्ख्या सरळ पट्ट्यावर तो मागे पडत जातो. हे दोघांना शेजारी बसवून दाखवा. एकाचा डेटा दुसऱ्यापासून लपवला की टीम फुटलीच म्हणून समजा.

खरा घात एन्ड्युरन्समध्ये होतो. सुमारे २२ किलोमीटर, अर्ध्यावर ड्रायव्हर बदल, त्यासाठी तीन मिनिटं. पहिला ड्रायव्हर सहकाऱ्यापेक्षा सरस वेळ काढायच्या ईर्ष्येने इंजिन शेवटपर्यंत पिळतो. बदलताना ते बंद करावं लागतं. पंप इंजिनावर चालणारा असेल तर पाणी फिरायचं थांबतं आणि तापलेलं इंजिन पुन्हा पेटत नाही. बदलाआधीच्या लॅपला आरपीएम उतरवायचे, हे दोघांकडून आधीच कबूल करून घ्या. सरावातही इंजिन पूर्ण तापवून बंद करा, सीटचा फोम आणि पट्टे बदलून तीन मिनिटांच्या आत त्याच बॅटरीवर स्टार्टर मारा. एकदा जरी दगा दिला तर ड्रायव्हर कोण हा वाद बाजूला ठेवून आधी बॅटरी आणि स्टार्टरची वायरिंग बघा.